प्रकाशक : लेखक स्वतः, हैदराबाद

हैदराबादेत राहून मराठी लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं पुस्तक स्वतः काढलं की त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: 'म्हणजे तुम्हीच छापलंत का?' विचारणारा बहुधा सज्जन असतो, पुस्तकांवर प्रेम करणाराही असतो. पण प्रश्न विचारतानाच त्याने निकाल देऊन टाकलेला असतो. एक ओळ न वाचता त्याला कळलेलं असतं की या पुस्तकात फारसं काही नसणार. तेच पुस्तक सदाशिव पेठेतल्या किंवा दादरच्या पत्त्यावरून आलं असतं, तर त्याने निदान प्रस्तावना तरी वाचली असती.

मला या वृत्तीचा राग आहे आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही. संमेलनातल्या परिसंवादात, ग्रंथालयाच्या खरेदीच्या बैठकीत, परीक्षणासाठी आलेली पुस्तकं वेगळी काढणाऱ्याच्या टेबलावर ही वृत्ती रोज काम करत असते. सर्वांत जास्त दुखतं ते हे, की आमच्या या शहरातल्या मराठी कार्यक्रमांतही ती तितकीच मुरलेली आहे. आपल्यातल्याच एकाचं पुस्तक आपल्यालाच पुण्याहून शिक्का मारून आलेलं हवं असतं.

समोरची बाजू नीट मांडते, म्हणजे मी सोयीचा प्रतिपक्ष उभा केला असं कुणाला म्हणता येऊ नये. ती अशी: चांगल्या पुस्तकाला प्रकाशक मिळतोच; मिळाला नाही याचा अर्थ पुस्तकात दम नव्हता. लेखकाने लिहावं, कागद, छपाई, किंमत, कमिशन हे ज्यांना कळतं त्यांच्यावर सोडावं. प्रकाशकाकडे वितरणाचं जाळं असतं, लेखकाकडे फक्त नातेवाईक असतात. महाराष्ट्राबाहेर बसून तर हा उद्योग करूच नये, कारण मराठी पुस्तकाचा बाजार महाराष्ट्रात आहे. आणि जो तो स्वतःचं छापू लागल्यामुळेच मराठीत वाईट पुस्तकांचा ढीग साचला आहे.

शेवटच्या वाक्याचा अर्धा भाग खरा आहे. बाकीचं काहीही तपासल्यावर उभं राहत नाही.

चांगल्या पुस्तकाला प्रकाशक मिळतोच, असं म्हणणाऱ्यांनी मराठी पुस्तकांचा इतिहास कुठून वाचला? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' स्वतःच प्रसिद्ध केली. 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली प्रकरणं 'दीनबंधू'ने छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. हे पत्र त्यांच्याच चळवळीतल्या माणसांचं होतं. संपूर्ण 'असूड' पुस्तकरूपात पाहणं फुल्यांच्या नशिबी आलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे शेवटचा श्वास घेईपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक स्वतःच्या पदरमोडीवर चालवलं. खटले अंगावर घेतले, दंड भरले. त्या मजकुराला त्या काळातला कोणता प्रतिष्ठित प्रकाशक हात लावणार होता? आणि नाही लावला म्हणून मजकूर हलका ठरला का?

हे फार जुनं वाटत असेल तर अरुण कोलटकरांकडे या. त्यांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली 'क्लिअरिंग हाउस'ने काढलं. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, अशा कवींनी मिळून चालवलेलं ते प्रकाशन होतं. पुस्तकांची रचनाही कोलटकरांनीच केली, कारण त्यांचा तो व्यवसायच होता. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला कॉमनवेल्थ काव्य पुरस्कार मिळाला. त्यांची मराठी कविता आली ती अशोक शहाण्यांच्या 'प्रास'मधून, म्हणजे एका मित्राच्या हट्टातून. 'भिजकी वही' २००३ साली तिथूनच निघाली आणि नंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार तिच्याकडे चालत आला. कागद कोणता, पानाचा आकार केवढा, किती प्रती, कोणाकडे द्यायच्या, हे सगळं कवी आणि त्याचे मित्र ठरवत होते. त्या निर्णयांनी कविता बिघडली, असं कुणी म्हणेल का?

पण माझ्या मनात सतत असतं ते एक वेगळं उदाहरण, आणि ते हैदराबादचं आहे म्हणून त्यावर जरा थांबते. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं. अध्यक्ष होते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर म्हणजे 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश', तेवीस खंडांचा. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. तो कोश निघाला कसा, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कोणत्याही प्रकाशकाने तो काढायला घेतला नव्हता. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी स्थापन केली, तिचे शेअर विकले, गावोगाव जाऊन वर्गणीदार मिळवले, लेखक-सहायकांचा ताफा पगारावर ठेवला, पुढे सगळा कारभार पुण्याला हलवला आणि छापखानाही स्वतःचा उभारला. त्यांनी १९२७ साली या खटाटोपाचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहिला. मराठीत प्रकाशन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात विद्वत्तेइतकाच पैसा आहे, वर्गण्या आहेत, लोकांचं मन वळवणं आहे. केतकरांना यातला कोणताही भाग विद्वानाला न शोभणारा वाटला नाही. पुस्तक लोकांपर्यंत नेणं हा त्यांच्या लेखी ज्ञानकोशाच्या कामाचाच भाग होता.

अशा माणसाला मराठी साहित्याने या शहरात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्या मांडवात त्यांना कुणी विचारलं असेल का, की ज्ञानकोश तुम्हीच छापलात का?

हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसाला तर छापणं आणि पोचवणं या दोन गोष्टी लेखनापासून वेगळ्या काढण्याची चैन कधी परवडलीच नाही. इथे सभा घ्यायला सरकारी परवानगी लागे; गश्ती निशाण ५३ या सरकारी हुकमाचा जाच आमच्या आजोबांच्या पिढीने सोसला. आ. कृ. वाघमाऱ्यांनी पुण्याहून 'मराठवाडा' पत्र काढलं, ते निजाम सरकारने संस्थानात बंद केलं. त्यांनी नाव बदलून पुन्हा काढलं. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव, पुन्हा अंक. कोणत्या नावाने छापायचं, कोणत्या मार्गाने हद्दीच्या आत आणायचं, कोणाच्या हाती द्यायचं, हेच त्या पत्रकारितेचं मर्म होतं. ज्यांचा वारसा असा आहे त्यांनी आज वितरणाच्या नावाने हात वर करावेत, हे मला पटत नाही.

आता दुसरा मुद्दा, व्यवहार जाणकारांवर सोडण्याचा. जाणकार काय करतात ते पाहू. समजा २०० पानांचं पुस्तक आहे, ५०० प्रती, किंमत २५० रुपये. एका प्रतीचा कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च ८० रुपये धरू. वितरक आणि दुकानदार यांच्या वाट्याला मिळून किमतीच्या निम्मी रक्कम गेली की प्रकाशकाच्या हाती १२५ रुपये राहतात. त्यातून छपाईचे ८० आणि लेखकाचं दहा टक्के मानधन २५ वजा करा. उरले २० रुपये. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तरी दहा हजार. या दहा हजारांत त्याने संपादकाला द्यायचं, मुद्रितशोधकाला द्यायचं, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचे पैसे चुकते करायचे, गोदामाचं भाडं भरायचं आणि स्वतःचं घर चालवायचं. होणार कसं? होत नाही. म्हणून संपादन गळतं, मुद्रितशोधन लेखकाच्या गळ्यात पडतं, आणि बहुतेक वेळा छपाईचा खर्चच लेखकाकडून घेतला जातो. मी प्रकाशकांना दोष देत नाही. हा हिशेब त्यांनाही जाचतो. पण मग जो शिक्का पाहून आपण पुस्तक विश्वासाने हातात घेतो, त्या शिक्क्याचे पैसे लेखकाने भरलेले असतात, हे तरी मान्य कराल की नाही? लेखकाने पैसे भरून दुसऱ्याचं नाव छापलं तर ते साहित्य, आणि स्वतःचं नाव छापलं तर ती हौस. या भेदाला आधार काय?

माझं पहिलं पुस्तक असंच निघालं. छपाईचे पैसे माझे होते. प्रकाशकाचं नाव सांगणार नाही, कारण प्रश्न त्या एका माणसाचा नाही. पुस्तक देखणं झालं होतं. पण हैदराबादच्या एकाही दुकानात त्याची प्रत विक्रीला आली नाही. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा इथल्या वाचकांनी मागितलं तेव्हा मी माझ्या वाटणीच्या प्रती दिल्या. हिशेब मागितला की दुकानांतून परत यायच्या प्रती अजून आलेल्या नाहीत, एवढंच उत्तर मिळत राहिलं. करार लेखी नव्हता, कारण तसा करण्याची पद्धत नाही, असं मला सांगण्यात आलं होतं.

कराराबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण व्यवहार दुसऱ्यावर सोडा या सल्ल्याचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. लेखकाच्या बाजूने इतकं स्पष्ट लिहिणारा कायदा हाताशी असताना, आपली कादंबरी किंवा आत्मचरित्र कुणाच्या ताब्यात किती काळ आहे, हे आपल्याकडच्या कित्येक लेखकांना सांगता येत नाही. ई-पुस्तकाचा, श्राव्य पुस्तकाचा, तेलुगू अनुवादाचा हक्क कोणाकडे आहे, हे तर त्याहून नाही. पुस्तक संपलंय, पुन्हा छापत नाही आणि सोडतही नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं तुमच्याही ओळखीची असतील. लेखकाने फक्त लिहावं म्हणणारे या पुस्तकांची जबाबदारी घेणार आहेत का?

आता ते प्रसिद्ध जाळं. प्रकाशकाकडे वितरणाचं जाळं असतं, हे विधान मी लहानपणापासून ऐकते आहे. महाराष्ट्रात त्या जाळ्याचा मुख्य दोर सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे. १९६७ च्या कायद्याखाली हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, त्या अनुदानातून पुस्तकं घेतली जातात, आणि मराठी प्रकाशन व्यवसायाचा मोठा भाग त्या खरेदीवर उभा आहे. चांगली गोष्ट आहे. पण ती ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत. आदिलाबाद, निजामाबाद, हैदराबाद इथल्या मराठी वाचकाशी त्या जाळ्याचा काय संबंध? इथे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 'पंचधारा' नियतकालिक काढणारी मराठी साहित्य परिषद आहे, विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे, उस्मानियात मराठी विभाग आहे. ही सगळी ठिकाणं रिक्षाने फिरून दिवसभरात गाठता येतात. पुण्याच्या गोदामातून इथे एक गठ्ठा यायला मात्र कुणाला वेळ नसतो, कारण पाच-दहा प्रतींसाठी तो खटाटोप त्यांना परवडत नाही. मला परवडतो. माझा वाचक इथे आहे, मी त्याला नावाने ओळखते, आणि तो मला पूर्ण किंमत देतो.

म्हणून वरचाच हिशेब लेखकाच्या बाजूने पुन्हा मांडा. छपाईचे ४० हजार, आणि संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ यांचे मिळून २० हजार. एकूण ६०. दोनशे प्रती थेट वाचकाला २५० रुपयांना गेल्या की ५० हजार हाती आले. शंभर प्रती दुकानांना चाळीस टक्के कमिशनने दिल्या की आणखी १५. खर्च निघाला, संपादकाला त्याचे पैसे मिळाले, आणि दोनशे प्रती अजून शिल्लक आहेत. यातून कुणी श्रीमंत होणार नाही. पण पुस्तक नीट संपादित झालं, वाचकाच्या घरी गेलं, आणि हिशेबाची वही आपल्याकडे राहिली. दोनशे वाचक थेट गाठणं कठीण आहे, हे मला मान्य आहे. नांदेड, देगलूर, धर्माबाद, परभणी इथल्या ओळखी त्यासाठी कामाला लावाव्या लागतात, देवगिरी एक्सप्रेसने गठ्ठे न्यावे लागतात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात टेबल मांडून बसावं लागतं. या कष्टांत कमीपणा कसला? केतकरांनी वर्गणीदार असेच मिळवले होते.

टपालाचा एक निर्णय इथे सांगायलाच हवा, कारण त्याने मोठ्या प्रकाशकांपेक्षा आमच्यासारख्यांना जास्त मारलं. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची नोंदणीकृत सेवा अचानक बंद केली. एकेक प्रत टपालाने धाडणाऱ्याला पुस्तकाच्या किमतीला खिंडार पाडणारा खर्च येऊ लागला. देशभर ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ज्यांचं जाळं मोठं असल्याचं सांगतात त्यांच्यासाठी हा तपशील किरकोळ असेल. ज्याला वाईच्या किंवा वरोऱ्याच्या एका वाचकाला एक प्रत पाठवायची आहे, त्याच्यासाठी वितरण म्हणजे हे वीस रुपये. ते दर टिकावेत म्हणून मराठी साहित्य संस्थांनी एक ठराव तरी करावा, अशी अपेक्षा फार मोठी आहे का?

महाराष्ट्राबाहेर बसून हा उद्योग करू नये म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या शेजाऱ्यांकडे पाहावं. तेलुगूत रंगनायकम्मा हे नाव घराघरात माहीत आहे. 'रामायण विषवृक्षम्' लिहून त्यांनी सगळा आंध्र ढवळून काढला. या बाईंनी आपली पुस्तकं 'स्वीट होम पब्लिकेशन्स' या स्वतःच्याच प्रकाशनातून काढली. मार्क्सच्या 'भांडवल'चा तेलुगूत परिचय करून देणारे खंड त्यांनी लिहिले आणि साध्या नोकरदाराला घेता यावेत अशा किमतीला विकले. किंमत कमी ठेवणं हा त्यांचा वैचारिक निर्णय होता, आणि तो त्या घेऊ शकल्या कारण प्रकाशन त्यांच्या हाती होतं. याच शहरात १९८० साली 'हैदराबाद बुक ट्रस्ट' सुरू झाला. सी. के. नारायण रेड्डी, गीता रामस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी तेलुगू वाचकाला परवडतील अशी पुस्तकं काढली. ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स'चं संक्षिप्त तेलुगू रूप त्यांच्या आरंभीच्या, सर्वांत गाजलेल्या पुस्तकांपैकी एक. काचीगुड्याच्या नवोदय बुक हाउसमध्ये जाऊन पाहा. लेखकाने स्वतः काढलेली पुस्तकं तिथे इतर पुस्तकांच्या शेजारी उभी असतात, वेगळ्या कोपऱ्यात नसतात. तेलुगू लेखक आपल्या घरचा पत्ता पुस्तकावर छापतो आणि वाचक तिथून पुस्तक मागवतो. या भाषेचं साहित्य त्यामुळे हलकं झालं का? मग त्याच गल्लीत राहणाऱ्या मराठी लेखकाने आपल्या पत्त्याची लाज का बाळगायची?

आता वाईट पुस्तकांचा ढीग. हो, तो आहे. शुद्धलेखन न तपासलेले, प्रस्तावनेत पाच मान्यवरांचे आशीर्वाद छापलेले कवितासंग्रह मीही पाहिले आहेत, आणि अशा पुस्तकांच्या लेखकांना कठोर शब्दांत सांगितलं पाहिजे. पण त्यातले निम्मे संग्रह कुठल्या ना कुठल्या प्रकाशनाचं नाव लावून आलेले असतात! दोष आहे तो संपादनाच्या अभावाचा, आणि तो अभाव दोन्हीकडे सारखाच आहे. 'मौज' प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाशी महिनोन्महिने बोलत, पत्रं लिहीत. तसं संपादन देणारा, स्वतःचे पैसे घालणारा, लेखी करार करणारा प्रकाशक भेटला तर लेखकाने पुस्तक आनंदाने त्याच्याकडे द्यावं. मीही देईन. पण असे किती आहेत? उरलेल्यांनी 'मौज'च्या पुण्याईवर आपली प्रतिष्ठा का सांगावी? चांगला संपादक आज फी देऊन मिळतो. हैदराबादेत चांगला मराठी मुद्रितशोधक मिळणं अवघड आहे, पण मजकूर नांदेडला किंवा पुण्याला पाठवायला आता क्षणभरही लागत नाही. ही फी वाचवणारा लेखक माझ्या बाजूचा नाही.

आणखी एका मताला उत्तर द्यायचं आहे, कारण ते नव्या पिढीत जोरात आहे. ते म्हणतात, प्रकाशक कशाला हवा, इंटरनेटवर चढवा आणि मोकळे व्हा. किंवा, अमुक कंपनीचं पॅकेज घ्या, ते सगळं करून देतात. मला हे मत पहिल्याच मताचं भावंड वाटतं. निर्णय दुसऱ्याच्या हवाली करून स्वस्थ बसायचं, एवढंच दोन्हीकडे सांगितलं जातं. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी आली, त्याचा मला आनंद झाला. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-पुस्तक ९० दिवसांच्या बोलीने फक्त ॲमेझॉनलाच द्यावं लागतं. नाही तर ३५ टक्क्यांवर समाधान मानायचं. हे वाचून, समजून, आपल्या वाचकांचा विचार करून ठरवलं पाहिजे. ज्याचे बहुतेक वाचक साठीच्या पुढचे आहेत त्याने छापील प्रतीवर जास्त खर्च करावा. ज्याचे वाचक सिंगापूर आणि न्यू जर्सीत आहेत त्याने ई-पुस्तकावर. पॅकेज विकणाऱ्याला तुमचा वाचक कोण हे ठाऊक नसतं. आयएसबीएन क्रमांक घेऊन देतो म्हणून तो पैसे लावतो, आणि तो क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून लेखकाला फुकट मिळतो.

अक्षरजुळणीचंही तसंच. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये जुळवून घेतला आणि युनिकोडमधली मूळ फाइल आपल्याकडे ठेवली नाही, तर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जोडाक्षरं फुटतात आणि पुस्तक पुन्हा टाइप करावं लागतं. ही फाइल मागून घेणं हा लेखकाचा हक्क आहे. छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नेमून दिलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठवणं हे त्याचं कर्तव्य आहे. कित्येक लेखक-प्रकाशक हे करत नाहीत. त्यांनी केलं पाहिजे. आपली नोंद आपणच ठेवली नाही तर दुसरा कोण ठेवणार?

माझी मागणी मोठी नाही. परीक्षणं छापणाऱ्यांनी पुस्तक पहिल्या पन्नास पानांवरून ठरवावं. आमच्या शहरातल्या संस्थांनी दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या हैदराबाद पुस्तक मेळ्यात एक गाळा घेऊन इथल्या सगळ्या मराठी लेखकांची पुस्तकं, प्रकाशक कोण हे न विचारता, एकत्र मांडावीत. एक सामायिक यादी छापावी आणि ती नांदेडपासून आदिलाबादपर्यंतच्या प्रत्येक मराठी शाळेत आणि मंडळात पाठवावी. आणि संस्थांना जमणार नसेल तर आम्ही पाच-सहा जणांनी मिळून करावं: सामायिक संपादक, सामायिक मुद्रितशोधक, एकाच खेपेला तीन पुस्तकांची छपाई म्हणजे कागद स्वस्त, एकमेकांच्या पुस्तकांचे गठ्ठे आळीपाळीने वाहून नेणं, आणि हिशेब दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर. 'क्लिअरिंग हाउस' चालवणाऱ्या कवींना एवढंच लागलं होतं. पुस्तकाचे हक्क लेखकाचे, किंमत लेखक ठरवणार, कोणाला द्यायचं ते लेखक ठरवणार. त्यासाठी पुण्याची परवानगी लागत नाही, आणि आम्ही ती मागणारही नाही.